काऊचं घर पाच वेळा वाहून जातं: ॲनिमेशनची तंत्रं घरच्या घरी पारखण्याची रीत

एक होती चिऊ, एक होता काऊ. चिऊचं घर होतं मेणाचं, काऊचं घर होतं शेणाचं. एकदा काय झालं, मोठ्ठा पाऊस आला आणि काऊचं घर गेलं वाहून.

ॲनिमेशन शिकायला येणाऱ्या मुलांना मी हीच गोष्ट देते, मोठ्यांनाही हीच. ती सगळ्यांना पाठ असते, त्यामुळे 'पुढे काय होतं' हा प्रश्न उरत नाही. उरतो तो 'दाखवायचं कसं' एवढाच. शिवाय तिच्यात एक क्षण असा आहे की तिथे प्रत्येक तंत्राचा कस लागतो: शेणाचं घर भिजतं, खचतं, विरघळतं आणि पाण्याबरोबर निघून जातं.

बहुतेकांचा पहिला प्रश्न सॉफ्टवेअरचा असतो. कुठलं फुकट मिळतं, लॅपटॉप केवढा लागेल, कोर्स करू का. मी त्यांना आधी एवढंच विचारते, की घर कशाचं करणार? पेन्सिलच्या रेषेचं, कातरलेल्या कागदाचं, मातीचं, रव्याचं की संगणकातलं? पाचही घरं पावसात वेगवेगळ्या तऱ्हेने मोडतात आणि ते मोडणं बघून गोष्टीचा भावही बदलतो. हे वाचून कळत नाही, हाताने करावं लागतं. म्हणून ही रीत: दहा सेकंदांचं एकच दृश्य पाच तंत्रांत करा. रोज संध्याकाळी दोन तास दिले तर महिन्याभरात होतं. पूर्ण लघुपट कुठल्या तंत्रात करायचा ते त्यानंतर ठरवा.

आधी आवाज, मग चित्र

पेन्सिल हातात घेण्याआधी फोनवर आवाज नोंदवून घ्या. घरातल्या आजीला किंवा गोष्ट छान सांगणाऱ्या कुणालाही बसवा आणि 'चिऊताई, चिऊताई, दार उघड' हे वाक्य चार-पाच वेळा म्हणायला लावा. एकदा आर्जवाने, एकदा थंडीने कुडकुडत, एकदा रडवेलं होऊन. त्यातलं एक निवडा. ॲनिमेशनमध्ये बोललेला आवाज सहसा आधीच नोंदवतात, कारण हालचालीची लय त्या आवाजातून मिळते. आजी 'चिऊताऽऽई' म्हणताना जिथे स्वर लांबवते तिथे काऊची मान लांब होणार आणि 'उघड' म्हणून थांबते तिथे ती खाली पडणार.

आता हिशेब. सिनेमा सेकंदाला २४ फ्रेमनी चालतो, पण हाताने केलेल्या कामात एक चित्र दोन फ्रेम टिकवण्याची जुनी पद्धत आहे. म्हणजे सेकंदाला १२ चित्रं. डोळ्याला ते पुरतं. दहा सेकंदांना १२० चित्रं झाली. एकेरी वहीत १ ते १२० आकडे एकाखाली एक लिहा, एक ओळ म्हणजे एक चित्र. माझी वाटणी अशी असते: पाऊस सुरू होतो, २४ चित्रं. घर खचतं, ३६. काऊ उघड्यावर भिजत उभा, १८. चिऊच्या दाराशी हाक, ३०. शेवटची १२ चित्रं बंद दाराची. काही हलत नाही, फक्त पाऊस.

हाकेच्या ३० ओळींत कुठल्या ओळीवर कुठलं अक्षर येतं ते आवाज पुन्हा पुन्हा ऐकून लिहून काढा. माणसाचं तोंड करायचं असतं तर 'म', 'प', 'ब'ला ओठ मिटलेले लागले असते, 'आ'ला उघडे, 'ओ'ला गोल. काऊला ओठ नाहीत. चोच उघडी, अर्धी आणि मिटलेली अशा तीन स्थिती पुरतात. नवशिक्यांना मी पक्षी देते त्याचं हेही एक कारण आहे.

फोन, दिवा आणि पंखा

फोन हलता कामा नये. टेबलावर वस्तू आडवी ठेवून वरून फोटो काढायचे असतील तर दोन्ही बाजूंना पुस्तकांचे सारखे ढीग रचा, त्यांवर लाकडी पट्ट्या टाका आणि मधल्या फटीतून फोनचा कॅमेरा खाली बघेल असा ठेवा. उभ्या वस्तूंसाठी साधा ट्रायपॉड घ्या. फोटो घेताना पडद्याला बोट लावलं तरी चौकट हलते. वायरवाल्या इयरफोनचं आवाज वाढवायचं बटण बऱ्याच फोनवर कॅमेऱ्याच्या बटणाचं काम करतं, ते वापरा.

फोनचा फोकस, उजेड आणि रंग तिन्ही लॉक करा. हे राहिलं तर फोन प्रत्येक फोटोला स्वतःच्या अंदाजाने उजेड ठरवतो आणि चित्रपट लुकलुकतो. खिडकीचा पडदा ओढून घ्या, कारण ढग सरकतात आणि ऊन हलतं. ट्यूबलाइट किंवा स्वस्त एलईडीखाली लुकलुक दिसत असेल तर शटरचा वेग १/५० किंवा १/२५ ठेवा. आपली वीज ५० हर्ट्झची असल्याने त्या वेगाला दिव्याची थरथर चित्रात उतरत नाही. गडद रंगाचा सदरा घाला. पांढऱ्या सदऱ्यावरून परावर्तित होणारा उजेड तुमच्या प्रत्येक हालचालीसरशी बदलतो.

आणि पंखा बंद. मी ऐंशी चित्रांपर्यंत आणलेलं रव्याचं दृश्य घरातल्या कुणीतरी मायेपोटी पंखा लावल्यामुळे एका क्षणात सपाट झालं होतं. तेव्हापासून पंख्याच्या बटणावर कागद चिकटवल्याशिवाय मी काम सुरू करत नाही.

वस्तू थोडी थोडी हलवत एकेक फोटो घेऊन ॲनिमेशन करणं म्हणजे स्टॉप मोशन. त्यासाठीचं 'स्टॉप मोशन स्टुडिओ'सारखं फोनवरचं ॲप आधीचं चित्र पुसटसं दाखवतं, त्यामुळे वस्तू किती सरकली ते कळतं. सुरुवातीला तेवढं पुरे.

पहिलं घर: पेन्सिलचं

सारख्या आकाराचे कागद घ्या आणि पंचिंग मशीनने सगळ्यांना एकाच जागी दोन भोकं पाडा. एका पुठ्ठ्यावर तेवढ्याच अंतरावर दोन खुंट्या बसवा, जुन्या पेन्सिलचे तुकडे तासून छान खुंट्या होतात. कागद खुंट्यांवर बसवला की प्रत्येक चित्र जागच्या जागी राहतं. खालून उजेड हवा: दोन स्टुलांवर काच टाका आणि खाली दिवा ठेवा. दिवसा खिडकीच्या काचेवरही चालतं.

घर खचण्याची ३६ चित्रं १, २, ३ अशी ओळीने काढू नका. आधी पहिलं, अठरावं आणि छत्तिसावं काढा. उभं घर, एका बाजूला कललेलं घर, चिखलाचा थर. ही मुख्य चित्रं. मग त्यांच्या मधली भरा. मधली चित्रं सारख्या अंतराने भरली तर घर लिफ्टसारखं खाली जातं. भिजलेली वस्तू तशी पडत नाही. बराच वेळ ती नुसती जड होते, कोपऱ्यातून थोडी झिरपते आणि मग एकदम कोसळते. म्हणून पहिल्या अठरा चित्रांत फक्त छपराचा एक कोपरा खाली येऊ द्या, पुढच्या बारांत सगळं कोसळू द्या आणि शेवटच्या सहांत चिखल हळूहळू पसरून थांबू द्या. चित्रांमधल्या अंतराचा हा हिशेब ज्याला जमला त्याला ॲनिमेशन जमलं, मग साधन कुठलंही असो.

पावसासाठी तिरप्या रेषांची पाच-सहा चित्रं वेगळ्या कागदांवर काढा आणि उलटसुलट क्रमाने फिरवा. एकाच क्रमाने फिरवली तर डोळा लगेच ओळखतो.

एका चित्राला दहा मिनिटं धरली तर नुसत्या घराला सहा तास लागतात. कंटाळा येईल. पण चालवून बघाल तेव्हा दिसेल की प्रत्येक चित्रात रेषा किंचित वेगळी पडल्यामुळे घर स्थिर असतानाही थरथरतं आहे. मोठे स्टुडिओ ही थरथर काढून टाकायला पुष्कळ खटपट करतात. मला ती काऊच्या घरासाठी हवीच असते. पाऊस यायच्या आधीच ते घाबरलेलं वाटतं.

दुसरं घर: कातरलेल्या कागदाचं

जुन्या लग्नपत्रिकांचा जाड कागद यासाठी उत्तम. काऊचं धड, मान, डोकं, चोचीचे दोन भाग, पंख आणि दोन पाय असे तुकडे कापा. सांध्यावर सुईने भोक पाडून जाड दोरा ओवा आणि दोन्ही बाजूंना गाठ मारा. सांधा हलला पाहिजे, पण सोडल्यावर तिथेच राहिला पाहिजे, इतपतच गाठ घट्ट हवी. घर मात्र सुटं ठेवा: गोवऱ्यांसारखे वीस-बावीस वेडेवाकडे तुकडे फाडा (कातरू नका, फाटलेली कड चांगली दिसते) आणि ते रचून घर करा. पाऊस आला की एकेक तुकडा खाली सरकवायचा.

इथे तुम्हाला पहिली अडचण भेटेल आणि ती मोलाची आहे. कागद विरघळत नाही. तुकडे सरकतात, पण कडा तशाच कोरड्या करकरीत राहतात. पेन्सिलने जे सहज होतं ते कागद करायला नकार देतो. मग काय करायचं? घर वाहून जाताना दाखवूच नका. काऊ बाहेरून येतो, जागेवर चार तुकडे पडलेले. बघणारा बाकीचं मनात भरून घेतो.

आता हाच खेळ उजेडापुढे मांडून बघा. काचेवर बटर पेपर अंथरा, खालून दिवा लावा आणि काऊ काळ्या कार्डपेपरचा कापा. जर्मनीच्या लोटे रायनिगर यांनी असंच काम करत तीन वर्षं घालवून १९२६ मध्ये पूर्ण लांबीचा छायाचित्रपट केला, अरबी सुरस कथांवरचा. त्यांच्या बाहुल्या काळ्या पुठ्ठ्याच्या आणि शिशाच्या पातळ पत्र्याच्या होत्या, सांधे तारेचे. आपल्याला तर हे तंत्र आणखी जवळ आहे. कुडाळजवळच्या पिंगुळीत ठाकर समाजातली कलावंत मंडळी चामड्याच्या बाहुल्या दिव्यासमोर धरून रामायणातल्या कथा पिढ्यान् पिढ्या सांगत आली आहेत. या परंपरेसाठी परशुराम गंगावणे यांना २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली. जमलं तर पिंगुळीला जाऊन बघा. सावलीला चेहरा नसतो, तरी ती रागावली आहे की रडते आहे हे मानेच्या एका वळणावरून कळतं, हे तिथे समोर दिसतं.

काळ्या काऊच्या डोळ्यात पाणी दाखवता येणार नाही. मग त्याचं डोकं अठरा चित्रांत मिळून अर्धा सेंटिमीटर खाली आणा, जास्त नाही. पाठीची रेषा थोडी गोल करा. करून बघा, काळजात कालवतं.

खोलीसाठी पतंगी कागद वापरा. एक थर म्हणजे लांबचा फिकट डोंगर, तीन थर म्हणजे जवळचा गडद. पावसाळी धुक्यासाठी एक युक्ती रशियाच्या युरी नोरश्टेइन यांच्या कामातून घेण्यासारखी आहे. १९७५ मधल्या त्यांच्या 'हेजहॉग इन द फॉग' या लघुपटातलं धुकं म्हणजे चित्रावर ठेवलेला एक अतिशय पातळ कागद होता. तो कॅमेऱ्याच्या दिशेने थोडा थोडा उचलत नेला की खालची आकृती पुसट होत जाते. बटर पेपरचा तुकडा कडेला दोन्ही बाजूंनी धरून प्रत्येक फोटोला दोन मिलिमीटर वर उचला. चिऊचं घर धुक्यात हरवतं, तेही एका कागदाच्या किमतीत.

तिसरं घर: मातीचं

बाहुल्यांसाठी तेलकट क्ले घ्या, ती वाळत नाही. आत ॲल्युमिनियमच्या दोन पदरी पिळलेल्या तारेचा सांगाडा घाला. काऊचे पाय बारीक असल्याने तो उभा राहायला तयार होत नाही. खाली सॉफ्टबोर्ड ठेवून पायांतून टाचण्या खोचा. काळी क्ले हाताळल्यावर पांढरीला हात लावण्याआधी हात धुवा, नाहीतर चिऊ संध्याकाळपर्यंत राखाडी होईल. क्लेवर बोटांचे ठसे उमटतात आणि चित्रपटात ते सळसळताना दिसतात. इंग्लंडच्या आर्डमन स्टुडिओच्या बाहुल्यांवरही ते दिसतात, त्यामुळे पुसत बसू नका.

पाण्याचे थेंब खऱ्या पाण्याचे केले तर सुकतात आणि ओघळतात. औषधाच्या दुकानात मिळणारं ग्लिसरीन काडीने लावा, थेंब तासभर जागचा हलत नाही. साचलेल्या पाण्याला केसांचं पारदर्शक जेल चालतं.

घर मात्र क्लेचं करू नका. ते शाडूचं करा. शाडूचं छोटं घर वळून चार दिवस पूर्ण वाळू द्या, भाजू नका. मग ताटलीत ठेवा, फोन लावा आणि ड्रॉपरने वरून पाणी सोडायला लागा. दर पाच थेंबांनी एक फोटो. विसर्जनाच्या बादलीत शाडूची मूर्ती कशी विरते ते तुम्ही पाहिलंच असेल: आधी बुडबुडे येतात, कडा मऊ होतात, मग एक पापुद्रा सुटतो आणि त्यामागून अख्खा भाग खाली बसतो. तेच इथे घडतं. तुम्ही काही हलवत नाही, माती स्वतः हलते, तुम्ही फक्त वेळ कापता. दुसरी संधी नसते, म्हणून तीन घरं आधीच वाळवून ठेवा.

वेळ कापण्याची ही युक्ती आपल्याकडे सिनेमाइतकीच जुनी आहे. 'राजा हरिश्चंद्र' करण्याआधी दादासाहेब फाळके यांनी कुंडीत वाटाणा पेरून त्याचं रोप होईपर्यंत थोडं थोडं चित्रण केलं होतं. पडद्यावर ते रोप बघता बघता वाढताना दिसलं आणि भांडवल देणाऱ्यांचा विश्वास बसला. पुढे १९१५ मध्ये त्यांनी 'आगकाड्यांची मौज' केली, त्यात काड्या हलवून आकार केले होते. मराठी माणसाच्या हातून झालेलं हे स्टॉप मोशन, नाशिकच्या मातीतलं.

याच कुळातलं आणखी एक तंत्र जाता जाता सांगते: माणसालाच बाहुली करायचं. मुलाला उडी मारायला लावा, तो हवेत असतानाच फोटो घ्या, पाऊलभर पुढे सरकवून पुन्हा उडी. बारा उड्यांत एका सेकंदाचा उडता काऊ तयार होतो. कॅनडाच्या नॅशनल फिल्म बोर्डात नॉर्मन मॅकलॅरन यांनी १९५२ मध्ये दोन शेजाऱ्यांच्या भांडणाचा लघुपट या पद्धतीने केला आणि त्याला ऑस्कर मिळालं. मुलं यावर जीव टाकतात. सुट्टीत करून बघा.

चौथं घर: रव्याचं

हे माझं सगळ्यात लाडकं, म्हणून थोडं जास्त लिहिते.

काच, खाली बटर पेपर, त्याच्याखाली दिवा. काचेवर बारीक रवा चाळणीने पसरा. पातळ थरातून उजेड सोनेरी-तपकिरी होऊन येतो, जाड थर काळा दिसतो आणि बोटाने पुसलं की लख्ख पांढरं. म्हणजे एकाच साहित्यात तुम्हाला तीन छटा मिळाल्या. हत्यारं घरातलीच: जुना दाढीचा ब्रश, कंगवा, टूथपिक, जुनं एटीएम कार्ड. कंगव्याचे दात तिरपे ओढले की पाऊस. वाळू वापरायची असेल तर चाळून, धुऊन, कडकडीत वाळवून घ्या.

रीत साधी पण निर्दय आहे. चित्र काढा, फोटो घ्या, त्याच चित्रात थोडा बदल करा, पुन्हा फोटो. आधीचं चित्र गेलेलं असतं. परत जायचा रस्ता नाही, मधली चित्रं नंतर भरायची सोय नाही. पेन्सिलला शिकलेली मुख्य चित्रांची पद्धत इथे चालत नाही. पहिल्यापासून शेवटपर्यंत सरळ जावं लागतं. म्हणून काचेखाली एका कागदावर स्केचपेनने घराच्या तीन अवस्थांच्या बाह्यरेषा आखून ठेवा. वरून पाहताना त्या पुसट दिसतात, हात भरकटत नाही. फोटोत येतील अशी भीती असेल तर फोटोच्या वेळी कागद ओढून घ्या.

कॅरोलीन लीफ यांनी १९६९ मध्ये विद्यार्थिनी असताना आपला पहिला लघुपट वाळूचा केला. या तंत्रात एक आकार दुसऱ्यात विरघळत जातो, मध्ये तोड नसते. वाळूला तेच आवडतं. म्हणून इथे घर नुसतं पाडू नका. घराच्या भिंतीचा रवा बोटाने खाली ओढा, त्याचा ओघळ होऊ द्या, ओघळाची लाट, आणि त्याच लाटेतून काऊचा भिजलेला पंख वर येऊ द्या. घर, पाणी आणि काऊ एकाच मूठभर रव्याचे आहेत, हे बघणाऱ्याला शब्दांत सांगावं लागत नाही. कागदाने जिथे नकार दिला होता तिथे रवा आपणहून पुढे होतो.

दुसरा प्रयोग उलटा करा. काळ्या फळीवर पांढरी रांगोळी, उजेड वरून. आता आकृती उजळ आणि पार्श्वभूमी अंधारी. ज्यांचा हात रोज दारात रांगोळी घालून वळलेला आहे त्यांची चिमटीतली धार बघून मी थक्क होते; पेन्सिल धरायला बिचकणाऱ्या बायका इथे पंधरा मिनिटांत काऊ उडवतात.

याच्या शेजारचं तंत्र म्हणजे काचेवर न वाळणारा रंग. रशियाच्या अलेक्सांद्र पेत्रोव यांनी बोटांच्या टोकांनी काचेवर तैलरंग फिरवत २९,००० हून अधिक चित्रांचा म्हातारा कोळी आणि समुद्राचा लघुपट केला, त्याला २००० साली ऑस्कर मिळालं. घरी करायचं तर ऑइल पेंटमध्ये थोडं खाण्याचं तेल मिसळा म्हणजे वाळत नाही. काच पुसायला जुने कपडे भरपूर ठेवा.

पाचवं घर: संगणकातलं

चित्रं काढायचीच आहेत, फक्त कागद नको, तर क्रिता हे फुकट सॉफ्टवेअर घ्या. पेन्सिलच्या घराची सगळी रीत तशीच चालते. मागची-पुढची चित्रं पुसट दाखवायची सोय त्यात आहे. संगणक आला म्हणजे हात गेला असं मुळीच नाही: मुंबईच्या गीतांजली राव यांचा 'बॉम्बे रोझ' (२०१९) संगणकावर केलेला असला तरी त्यातली फ्रेम न् फ्रेम हाताने रंगवलेली आहे.

थ्रीडीसाठी ब्लेंडर, तेही फुकट. लाटव्हियात सुरू झालेला, पुरात वाहत जाणाऱ्या मांजराचा चित्रपट त्यातच केला गेला आणि २०२५ मध्ये त्याला ऑस्कर मिळालं. पण इथे टप्पे बरेच आहेत: आकार घडवायचा, त्यात हाडांचा सांगाडा बसवायचा, रंग-पोत द्यायचा, हलवायचं, दिवे लावायचे आणि शेवटी प्रत्येक फ्रेम संगणकाकडून रंगवून घ्यायची. दहा सेकंदांच्या २४० फ्रेम, एकीला दोन मिनिटं धरली तरी आठ तास. घर विरघळवणं तुम्ही करत नाही; घराचं वजन किती, ओलसरपणा किती, चिकटपणा किती ते आकड्यांत सांगता आणि गणित ते पाडतं. सुरुवातीला घर पाडण्याऐवजी एक चेंडू उसळवून बघा. दहापैकी आठ जण थेट पात्र करायला जातात आणि सांगाड्यातच अडकतात.

शैली वेगळी, तंत्र वेगळं

हाताने काय करता ते तंत्र. पडद्यावर जे दिसतं आणि जसं हलतं ती शैली. एकाच पेन्सिलने दोन टोकाच्या शैली होतात. १९५० च्या सुमारास अमेरिकेत यूपीए स्टुडिओने थोड्या रेषा, सपाट रंग आणि मोजक्या हालचालींची शैली रूढ केली. जपानमध्ये १९६३ पासून ओसामु तेझुका यांनी दर आठवड्याला टीव्हीवर भाग द्यायचा म्हणून चित्रं वाचवण्याच्या युक्त्या शोधल्या आणि त्यातून एक देखणी भाषा तयार झाली. आपल्याकडे दूरदर्शनवर वाढलेल्या पिढीला 'एक, अनेक और एकता' आठवेल. १९७४ मधला, विजया मुळे यांनी दिग्दर्शित केलेला आणि भीमसैन यांनी ॲनिमेट केलेला. त्यातल्या चिमण्या किती थोड्या हलतात, ते पुन्हा बघा.

हालचालीचा वेगही शैलीत येतो. २०१८ मधल्या स्पायडरमॅनच्या ॲनिमेशनपटात शिकाऊ माइल्सला सुरुवातीला एक चित्र दोन फ्रेम असं हलवलंय, तर अनुभवी पीटर फ्रेमगणिक हलतो. माइल्स अडखळतोय हे आपल्याला नकळत जाणवतं. तुमच्या काऊवर हे करून बघा: भिजलेला काऊ सेकंदाला आठ चित्रांनी, पाऊस बारांनी.

वारली शैली घ्यायचा मोह सगळ्यांना होतो. घ्या, पण नुसती त्रिकोणी माणसं उचलू नका. दोन त्रिकोण जिथे टोकाला टोक लावून भेटतात तिथे कंबर आहे, सगळी हालचाल तिथून निघते, आणि तारप्याच्या नाचाचं वेटोळं आधीच फिरतं आहे. जिव्या सोमा मशे यांची चित्रं तासभर शांत बसून बघा. माणसं थांबलेली नसतात हे दिसेल, मग हलवायला घ्या.

निवड आणि जुळवणी

पाचही दृश्यं एकापाठोपाठ लावा आणि आधी आवाज बंद करून बघा. स्वतःला तीन गोष्टी विचारा. घर जाताना कुठे घशाशी आलं? कुठलं करताना वेळ कसा गेला ते कळलं नाही? आणि पाच मिनिटांच्या लघुपटाला ३,६०० चित्रं लागतात. त्या तंत्रात दिवसाला किती होतात? मला रव्यात दोन तासांत पंचवीस चित्रं जमतात. म्हणजे १४४ दिवस. हा आकडा भिंतीवर लावून मगच काम सुरू करा. तो परवडत नसेल तर गोष्ट छोटी करा, तंत्र बदलू नका.

तंत्रं मिसळायलाही हरकत नाही, पण गोष्टीत कारण हवं. माझ्या एका विद्यार्थिनीने बाहेरचा पाऊस आणि काऊ रव्यात केला, तर चिऊच्या घरातलं बाळ, तीट, पाळणा हे सगळं स्वच्छ कातरलेल्या रंगीत कागदात. दाराच्या एका बाजूला काही टिकत नाही, दुसऱ्या बाजूला सगळं जागच्या जागी. मी तिला यातलं काहीच सुचवलं नव्हतं.

मग आवाज जोडा. पावसाचा आवाज तव्यावर तांदूळ सोडून मिळतो, दूरच्या गडगडाटाला पत्र्याचा मोठा तुकडा हलवा, दार ठोठावायला खऱ्या दाराची कडी वाजवा. शेवटची बारा चित्रं, बंद दाराची, तिथे आवाज कमी करत आणा. सगळे मूळ फोटो 'काऊ-रवा-००१' अशा क्रमाने दोन ठिकाणी जपून ठेवा. बाहुल्या बिस्किटांच्या डब्यात, प्रत्येकीखाली कागद घालून. आणि श्रेयनामावलीत आजीचं नाव आवाजासाठी पहिलं घाला.